अठरा मिनिटं आधी

दातांच्या दवाखान्याचं दार तिनं ढकललं तेव्हा आत फरशी पुसणं चाललं होतं आणि काउंटरवरची मुलगी संगणक सुरू व्हायची वाट बघत सफरचंद खात होती. "तुमची वेळ अकराची आहे मॅडम," मुलगी म्हणाली, "आत्ता कुठे दहा होतायत." ती म्हणाली, साडेदहाची. मुलीनं वही फिरवून तिच्यापुढे धरली. अकरा. वेळ नवऱ्यानं घेतली होती, म्हणून तिनं त्याला फोन लावला. "अगं, अकराचीच आहे," तो म्हणाला, "मी तुला अर्धा तास आधीची सांगितली. तुझा कुलपाचा वेळ नको का धरायला?" कुलपाचा वेळ म्हणजे घरातून निघाल्यावर तिसऱ्या दिव्याच्या खांबापासून परत फिरून, दोन जिने चढून, कुलूप ओढून बघण्याचा वेळ. गेली वीस वर्षं तो त्यांच्या संसारात पोटभाडेकरूसारखा राहत होता. "अरे, पण तो मीही काढला होता ना!" ती म्हणाली. "घ्या! म्हणजे एकाच भाजीत दोघांनी मीठ घातलं," तो म्हणाला आणि खो खो हसला. "बस आता तिथे मासिकं चाळत." तीही हसणार होती. हसू अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण तेवढ्यात जीभ दाताच्या खड्ड्यात गेली, जिथलं सिमेंट परवा जेवताना निघालं होतं; तिथे गार लागलं, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. दोघांनी काढला. नवरा येताना दूध आणण्याबद्दल काहीतरी सांगत होता आणि ती हं हं करत होती, पण तिला ऐकू येत होतं ते एवढंच. दोघांनी.

ती ज्या संस्थेत होती तिथे तिला सगळे मिनिटबाई म्हणत, पाठीमागेही आणि तोंडावरही. गुरू ग्रहाच्या ध्रुवांवर एक प्रकाश उजळतो, आपल्या ध्रुवांवर उजळतो तसाच, पण आपली अख्खी पृथ्वी त्यात बुडून जाईल एवढा मोठा. गुरूजवळ फिरणारं एक यान आणि इथल्या डोंगरावरची एक मोठी दुर्बीण या दोघांना एकाच घटनेकडे बघायला लावणं हे तिचं काम. लग्न जुळवणाऱ्या बाईचं काम, असं ती स्वतःच म्हणायची. दोन्ही पक्ष मानी, तारखा कधी जुळत नाहीत, आणि मध्ये पंच्याऐंशी कोटी किलोमीटर. तिथे जे घडतं ते इथे दिसायला, अंतराप्रमाणे कमीजास्त, सत्तेचाळीसेक मिनिटं लागतात, प्रकाशाला तेवढा वेळ लागतोच, त्याला कोणाचा इलाज नाही. म्हणून यानाच्या प्रत्येक नोंदीत तेवढी मिनिटं मिळवायची, की तिथली वेळ इथली होते आणि यानाच्या आणि दुर्बिणीच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवता येतात. हे मिळवणं तिचं. यानाच्या केंद्रातल्या ज्या माणसाला ती नऊ वर्षं फक्त आवाजानं ओळखत होती आणि घरी 'आमचा तिकडचा' म्हणत होती, तो यानाच्या नोंदींचा तक्ता नेहमी तिथल्या वेळेत पाठवायचा आणि ती मिळवायची. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. घरात कोणी कोणत्या खुर्चीत बसायचं हे जसं न बोलता ठरतं, तसं ते ठरून गेलं होतं.

अडीच वर्षांपूर्वी तिकडचा एक आठवडा रजेवर होता. बहिणीचं लग्न होतं त्याच्या. हे तिला आत्ता, ओल्या फरशीच्या औषधी वासात, भिंतीवरच्या दाढेच्या चित्राकडे बघताना आठवलं. त्या आठवड्याचा तक्ता कोणा बदली माणसानं पाठवला होता, आणि वर दोन गोड ओळी होत्या: 'तुमचं काम हलकं व्हावं म्हणून जमेल तेवढं करून दिलं आहे.' तिला वाटलं होतं, रकाने सरळ केले असतील, चिन्हं एकसारखी केली असतील. किती चांगला माणूस, असंही वाटलं होतं. तो माणूस नक्की काय करून देऊन गेला होता? आतल्या खोलीत कोणीतरी यंत्र सुरू करून बघितलं, ते बारीक किंचाळलं आणि थांबलं. तिनं खुर्चीची कड घट्ट धरली. यंत्रामुळे धरली असंही म्हणता आलं असतं, आणि एक क्षणभर तिनं तसं म्हणून पाहिलं.

तिची आई घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघायची, नळ पिळून बघायची, आणि मुलीच्या दप्तरातल्या वह्यांवर नाव आहे का ते रोज बघायची, जणू रात्रीत नाव पुसून जाणार होतं. आई वाईट नव्हती. आई प्रेमळच होती, पण तिच्या प्रेमाला सदा घाम फुटलेला असायचा. भावंडं हसत सुटली की आई म्हणायची, "फार हसू नका रे, मागून रडावं लागतं." मुलगी मोठी झाली, शिकली, घरापासून लांब गेली, पण हसू आलं की मागे वळून बघायची सवय तिला लागली ती लागलीच. नोकरीत मात्र ही सवय फळाला आली. जिथे सगळे हुशार असतात तिथे तपासणारं कोणी नसतं. ती तपासायची. दुसऱ्याचं तपासायची, स्वतःचं तपासायची, तपासलेलं पुन्हा तपासायची, आणि हळूहळू लोक म्हणायला लागले की मिनिटबाईंच्या हातून गेलंय ना, मग झालं. घरी ज्या स्वभावाची थट्टा व्हायची त्याच स्वभावाचा कामावर मान होता, आणि ती त्या मानावर जगत होती.

पण अडीच वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यात ती खूश होती. कारण शोधायला गेलं तर हेच कारण होतं, आणि त्याची तिला आता, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, लाज वाटली. दुःखात माणसाच्या हातून चूक झाली तर लोक समजून घेतात. घरात आजारपण होतं, कोणी गेलं होतं, असं सांगता येतं. तिच्याकडे तसलं काहीच नव्हतं. सहा वर्षं अर्ज करून, सहाही वर्षं नकार खाऊन, सातव्या वर्षी दुर्बिणीनं दीड तास दिला होता. दीड तास! त्या दीड तासात आकाश स्वच्छ राहिलं, यान नेमकं सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्याच्या तोंडाशी होतं, वाऱ्याचा एक जोरदार झोत आला, आणि त्याच दीड तासात गुरूचा ध्रुव उजळला. असं आयुष्यात एकदा होतं. ती आणि धाकटी, म्हणजे तिच्या हाताखाली प्रबंधासाठी आलेली मुलगी, दोघी व्हरांड्यात एकमेकींचे हात धरून गोल फिरल्या होत्या, चाळिशी उलटलेली बाई आणि सव्वीस वर्षांची पोर, आणि प्रमुखांनी दारातून डोकं काढून विचारलं होतं, काय झालं, आग लागली का? त्या दिवशी ती घरून निघाली तेव्हा खांबापासून परत फिरली नव्हती. कुलूप तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि त्याच दिवशी दुपारी तिनं बदली माणसाचा तक्ता उघडला होता, सत्तेचाळीस मिनिटं मिळवली होती, आणि गिरकी बघितली नव्हती.

यान आठवड्यातून एकदा, आधीच पाठवलेल्या हुकमानुसार, ठरलेल्या मिनिटाला स्वतःभोवती एक गिरकी घेतं. ती तिथल्या घड्याळानं कधी होणार हे आधीच छापलेलं असतं. तक्त्यात गिरकी त्याच मिनिटाला दिसली तर तक्ता तिथल्या वेळेत आहे. सत्तेचाळीस मिनिटं उशिरा दिसली तर कोणीतरी आधीच मिळवून ठेवलंय. दोन मिनिटांचं काम. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी हे शिकवायची. "तक्त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचू नका, डोक्यावर काहीही लिहिता येतं. गिरकी बघा." धाकटीनं हे वहीत लिहून घेतलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"मॅडम, डॉक्टर आलेत, तुम्हाला आधी घेऊ का?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. ती उठली होती, पर्स खांद्याला होती. "मी पुन्हा येईन," ती म्हणाली, आणि मुलगी तिच्याकडे अशा सवयीच्या दयेनं बघून हसली की दाराशी पोचल्यावर तिला कळलं, मुलीला वाटलंय आपण दातांना घाबरून पळतोय.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि अठरा मिनिटांचा विचार न करायचा प्रयत्न करत राहिली, म्हणजे अर्थातच दुसरं काही केलं नाही. दोन्ही नोंदी तिनं शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं होतं की वाऱ्याचा झोत यानापाशी पोचला त्याच्या अठरा मिनिटं आधीच ध्रुव उजळला होता. आधी! कोणी दार वाजवायच्या आधीच घरातून 'आले आले' अशी हाक यावी तसं. तोवर सगळे धरून चालले होते की वारा येतो, धडकतो, मग प्रकाश उजळतो. आता दिसत होतं की प्रकाश वाऱ्याची वाटच बघत नाही, त्याचं कारण आत, ग्रहाच्या पोटात कुठेतरी आहे. धाकटीनं त्यावर प्रबंध लिहिला. वर्तमानपत्रांत आलं. तीन ठिकाणी लोक त्या अठरा मिनिटांचं गणित मांडत बसले. धाकटीला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली, पुढच्या महिन्यात ती रुजू होणार होती. आणि एका सभेत एक म्हातारे शास्त्रज्ञ उभे राहून म्हणाले होते, "कारणाच्या आधी परिणाम? मला पटत नाही. तुम्ही वेळा नीट तपासल्यात ना?" त्यावर प्रमुख माईकवर वाकून म्हणाले होते, "आजोबा, वेळा मिनिटबाईंनी लावल्यात." सगळी सभा हसली. ती स्वतःही हसली, मान खाली घालून, खूश होऊन. आजोबा थोडा वेळ उभेच राहिले, मग बसले, आणि त्यानंतर कुठल्या सभेला दिसले नाहीत. तिनं आत्ता बसच्या काचेला कपाळ टेकलं. काच थरथरत होती आणि ती थरथर दातात जात होती.

खोलीत गेल्यावर तिनं पंखा लावला, पुन्हा बंद केला, पाणी प्यायली. मग अडीच वर्षांपूर्वीचा तक्ता उघडला. गिरकीची छापील वेळ तिनं कागदावर लिहिली. तक्त्यातली ओळ शोधायला काही क्षण लागले, आणि त्या क्षणांत ती देवाला नव्हे, बदली माणसाला विनवत होती, की बाबा रे, आळशी अस, कामचुकार अस, काही करून दिलेलं नसू दे. ओळ सापडली. तिनं दोन आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी केली, शाळेत करतात तशी, हातचा घेऊन. सत्तेचाळीस. पुन्हा केली. सत्तेचाळीस. त्यानं मिळवले होते आणि वर तिनं मिळवले होते. झोताची वेळ सत्तेचाळीस मिनिटं उशिरा लागली होती. ती मागे घेतली तर प्रकाश झोताच्या आधी नव्हे, नंतर उजळत होता, एकोणतीस मिनिटांनी. वारा आला, धडकला, मग उजळलं. सगळं जग आधीपासून म्हणत होतं तसंच, एखाद्या साध्या, सज्जन ग्रहासारखं. अठरात सत्तेचाळीस लपून बसले होते आणि कोणाला दिसले नव्हते. तिला घाम फुटला, आणि तो घाम तिला ओळखीचा वाटला.

तिनं तिकडच्याला फोन केला. आवाज शक्य तेवढा सहज ठेवून विचारलं, तुमच्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी बदलीवर कोण होता हो? "अरे बापरे, कुठलं आठवलं तुम्हाला!" तो म्हणाला. "होता एक. फार भला माणूस. दुसऱ्याचं काम आपल्या अंगावर घ्यायचा. मी परत आलो तर माझं टेबलसुद्धा आवरून ठेवलं होतं, महिनाभर मला काही सापडत नव्हतं. का हो, काय झालं?" ती म्हणाली, काही नाही, सहज. "तुम्ही आणि सहज?" तो हसला. नऊ वर्षांत तिला पहिल्यांदा वाटलं की या आवाजाला चेहरा नाही हे बरं आहे.

आता बारा वाजायला आले होते आणि खरी मेख दोनची होती. दुसऱ्या दिवशी दुर्बीण पुन्हा दीड तास मिळणार होती, अठरा मिनिटं खरी का ते पक्कं करण्यासाठीच. सूर्याकडून निघालेला एक झोत वाटेतल्या दुसऱ्या एका यानानं आधीच पाहिला होता, तो गुरूपाशी कधी पोचेल हे बऱ्यापैकी ठाऊक होतं, आणि तिनं आणि धाकटीनं मिळून तो दीड तास असा लावला होता की सव्वा तास झोताच्या आधी आणि जेमतेम पंधरा मिनिटं नंतर. अठरा मिनिटं आधी उजळणार म्हटल्यावर नंतर बघायचं काय? म्हणजे उद्या दुर्बीण बघत राहील, काही दिसणार नाही, आणि ती तोंड फिरवून दुसऱ्या कोणाच्या ताऱ्याकडे वळल्यावर चौदा मिनिटांनी इकडे ध्रुव उजळेल. वेळ तासभर पुढे सरकवून घ्यायला दुपारी दोनपर्यंत अर्ज करता येत होता. अर्जात बदलाचं कारण लिहावं लागे, आणि ते कारण सगळ्यांना जाई.

ती जिन्यात जाऊन उभी राहिली, कारण खोलीत बसवेना. कारण काय, तर वारा थोडा उशिरा येईलसं दिसतंय, एवढं लिहिलं तरी पुरे. वाऱ्याला कोण विचारायला जातंय? दुर्बीण सरकेल, उद्या एकोणतीस मिनिटं दिसतील, लोक म्हणतील या वेळी निराळं झालं, गुरूचं कोणी सांगावं, आणि अठरा मिनिटं हळूहळू जुन्या कागदांत मुरून जातील. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाचं काही जाणार नाही. हे तिला इतकं शहाणपणाचं वाटलं की जिवात जीव आला, ती दोन पायऱ्या उतरली, आणि तिथे तिला सभेत उभे राहिलेले आजोबा आठवले. उभे, तोंड थोडं उघडं, लोक का हसतायत ते न कळून आजूबाजूला बघणारे. ती पुन्हा त्या दोन पायऱ्या चढली. पण आजोबा एकीकडे आणि धाकटी दुसरीकडे. धाकटी तिला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची. तिला धाकटी बहीण नव्हती, मूलही नव्हतं. त्याबद्दल नवरा-बायको कधी बोलत नसत आणि त्यांचं छान चाललं होतं. पण व्हरांड्यात आपण गोल फिरलो ते नुसतं दुर्बिणीच्या दीड तासासाठी नव्हतं हे तिचं तिला ठाऊक होतं. त्या पोरीच्या नावापुढे आता डॉक्टर लागलं होतं ते या अठरा मिनिटांच्या जिवावर. आपण खूश झालो, आणि त्याची किंमत कोणी मोजायची?

धाकटीची खोली तिच्या खोलीला लागूनच होती, मध्ये एक भिंत. एक वाजून दहा मिनिटांनी तिनं दार वाजवलं. "या ना ताई," धाकटी म्हणाली, "उद्याचं हवामान बघत होते. आकाश स्वच्छ आहे म्हणतायत. बसा, असं काय उभ्या?" ती बसली नाही. उभ्यानंच तिनं सांगून टाकलं: बदली माणूस, न बघितलेली गिरकी, सत्तेचाळीस, आणि आता उरलेले एकोणतीस. सांगताना आवाज कापला, पण आकडे नीट आले. धाकटी हातातल्या पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. सांगून झाल्यावर ती धाकटीला धक्का बसायची वाट बघत राहिली. आता बसेल, आता चेहरा उतरेल, आता ती 'काय?' म्हणून ओरडेल. धाकटीनं टोपण लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"प्रबंध द्यायच्या आधी बघितलं होतं," धाकटी म्हणाली. "सगळे तक्ते पुन्हा चाळत होते. गिरकी तुम्हीच शिकवली होतीत."

"म्हणजे चौदा महिने."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"दोनदा आले होते तुमच्या दारापर्यंत. एकदा तुम्ही फोनवर कोणाला तरी अठरा मिनिटांचं सांगत होता. हसत होता. इतक्या जोरात, की मी बाहेरूनच परत फिरले." धाकटीनं पुन्हा पेन उचललं. "तुम्हाला असं खूश मी कधी बघितलंच नव्हतं, ताई. मला म्हणावंसं वाटेना. आणि मला नोकरी हवी होती. उगाच खोटं कशाला बोलू? दोन्ही होतं."

तिला रागवायचं होतं. रागवायला जागा होती, हक्कही होता. पण राग येण्याआधी दुसरंच काहीतरी आलं, लाजेसारखं आणि मायेसारखं. आपलं हसणं दाराबाहेर ऐकू जात होतं, आणि ते मोडू नये म्हणून कोणीतरी पाय न वाजवता परत गेलं होतं. आजवर तिच्या आनंदाची एवढी काळजी कोणी घेतली नव्हती. आणि ती अशी घेतली गेली होती.

"कोणाला बोललात अजून?" धाकटीनं विचारलं. ती म्हणाली, नाही. "मग वारा उशिरा येतोय एवढंच कळवू ना. दुर्बीण सरकेल. लोक म्हणतील या वेळी निराळं झालं. कोणाचं काही जाणार नाही, ताई." तेच वाक्य ती तासाभरापूर्वी जिन्यात स्वतःशी बोलली होती, जवळजवळ याच शब्दांत. आता ते दुसऱ्याच्या तोंडून, आणि तेही या तोंडून ऐकताना तिला ते सहन होईना. "त्या आजोबांचं गेलं," ती म्हणाली. धाकटीनं उद्याच्या हवामानाचं पान बंद केलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही सांगणार." "हो." "आणि मला माहीत होतं, हेही?" एवढा वेळ ती फक्त स्वतःच्या चुकीबद्दल घाबरत होती; ही भीती नवी होती. "बघते," एवढंच म्हणून ती बाहेर पडली, आणि दार आपल्यामागे नीट लागलंय का ते तिनं ओढून बघितलं नाही.

अर्जातली कारणाची चौकट लहान होती. चार ओळी मावतील एवढी. लोक त्यात 'हवामान' किंवा 'उपकरणात बिघाड' लिहीत. तिनं आधी सात ओळी लिहिल्या, बदली माणसाचा उल्लेख केला, मग खोडला. आपलं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला फोडायचं? त्यानं भलं करायला बघितलं होतं, तपासायचं तिचं होतं. चूक झाली असं लिहिलं, मग 'झाली' काढून 'मी केली' लिहिलं. मागच्या वेळी प्रकाशाच्या प्रवासाची सत्तेचाळीस मिनिटं दोनदा मिळवली गेली. तपासणी करायची होती, मी केली नाही. त्यामुळे अठरा मिनिटं आधी हा निष्कर्ष चुकीचा आहे. उजळणं सुमारे एकोणतीस मिनिटं नंतर होतं. उद्याची वेळ एक तास पुढे घ्यावी. त्याखाली धाकटीबद्दल लिहायचं का, यात तिचा त्या अर्ध्या तासातला सगळ्यात जास्त वेळ गेला. लिहिलं तर पोरीची नोकरी जाईल. नाही लिहिलं तर हे पत्र, ज्यात पहिल्यांदा सगळं खरं लिहायचं होतं, तेही अर्धंच खरं. तिनं चौकटीत एक ओळ मोकळी सोडली, आपलं नाव घातलं, सभेच्या यादीतून आजोबांचा पत्ता शोधून वर जोडला, आणि एक वाजून त्रेपन्न मिनिटांनी पाठवून दिलं. सहा मिनिटांत उत्तर आलं. बदल नोंदवला आहे, कारण सर्व संबंधितांना पाठवले आहे. झालं. हलकं वाटेल असं तिला कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं. हलकं वगैरे काही वाटलं नाही. आता इमारतीतल्या कोणत्या खोलीत पत्र उघडलं जात असेल ते ती ऐकायचा प्रयत्न करत होती.

तिनं शेजारच्या खोलीत फोन लावला. रिंग कानात वाजली आणि भिंतीपलीकडेही वाजली. बराच वेळ वाजत राहिली. मग पलीकडची बंद झाली आणि कानात नुसता श्वास आला.

"वाचलं," धाकटी म्हणाली. "माझं नाव नाही त्यात."

"नाही."

"का?"

"ते मी लिहायचं नाही. तुझं तू ठरव."

"मला भीती वाटतेय, ताई."

"मलाही," ती म्हणाली. एवढं साधं वाक्य आपण आजवर कोणापाशी, आईपाशी, नवऱ्यापाशी, कधी बोललो होतो का, ते तिला आठवेना. व्हरांड्यातून पावलं आली आणि तिच्या दारावर थाप पडली. "बाई!" प्रमुखांचा आवाज होता, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीतला. "हे काय पाठवलंय तुम्ही? आणि मला न विचारता?"

"ते आलेत ना तुमच्याकडे?" धाकटीनं फोनमधून विचारलं.

"हो."

"फोन ठेवू नका."

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काही नाही. ती उठली, फोन तसाच कानाशी धरून दारापर्यंत गेली आणि दार उघडलं. प्रमुख हातात कागद घेऊन उभे होते, लालबुंद. त्यांनी तोंड उघडलं, पण तिचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. त्यांच्यामागे दोन पावलांवर धाकटी उभी होती, पांढरीफटक, तिचाही फोन कानाला. "सर," धाकटी म्हणाली, आणि प्रमुख वळले. "मला हे चौदा महिन्यांपासून माहीत होतं." ते वाक्य तिला दोनदा ऐकू आलं, एकदा समोरून, आणि लगेच त्याच्यामागून कानाशी धरलेल्या फोनमधून.